फाट्यावरचा विनंती थांबा

आमच्या वस्तीवरून एसटी जायची, पण थांबायची नाही. दारातल्या बाजेवर बसलं की ड्रायव्हरच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसावं इतक्या जवळून जायची. अंगणात धूळ टाकायची आणि पुढं बारामती-इंदापूर रस्त्याला लागायची. थांबे दोनच होते. एक मागं गावठाणात आणि एक पुढं, जिथं गावचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं. मधल्या माणसांनी नुसती गाडी बघायची.

आणि गावातली माणसं तर मध्येच राहायची. बाहेरून आलेल्याला हे लवकर समजत नाही. गावठाणात मारुतीचं देऊळ आहे, शाळा आहे, ग्रामपंचायत आहे, रेशनचं दुकान आहे आणि कुलपं लावलेली घरं आहेत. लोकसंख्येची पाटीसुद्धा तिथंच, वेशीजवळ. तिच्यावरचा आकडा खरा असेल, पण तो आकडा तिथं राहत नाही. कालव्याचं पाणी जसं रानात पोचलं तशी माणसं आपापल्या उसाच्या कडेला घरं बांधून निघून गेली. आता गाव म्हणजे लांबलांब पसरलेल्या वस्त्या. गाडी मात्र अजून जुन्याच गावाला जाते. गावठाणातून चार म्हातारी माणसं चढतात, आणि कागदावर दिसतं की या मार्गाला प्रवासी नाहीत. गाडी किती भरते त्याला एसटीच्या भाषेत भारमान म्हणतात. भारमान कमी झालं की फेरी बंद व्हायची भीती. प्रवासी नाहीत कसे? ते रस्त्याच्या कडेला उभे राहून हात हलवतायत आणि गाडी त्यांच्यासमोरून चालली आहे.

हे सगळं मी त्या दिवसांत कुणालाही एका दमात ऐकवायचे. आमच्या घरात पुस्तकं फार नव्हती, पत्रकं होती. माझे वडील, ज्यांना घरात आणि वस्तीवर सगळे आबा म्हणतात, ते तरुणपणापासून पाण्यासाठी, रेशनसाठी, शेतमजुरांच्या रोजासाठी पत्रकं काढत आले. गुलाबी कागदावर, पिवळ्या कागदावर. वाटून उरलेल्या गठ्ठ्यांवर आम्ही वाढलो. फडताळात अंथरायला पत्रक, भाकरी बांधून न्यायला पत्रक, कोऱ्या पाठीवर माझी गणितं. मी पहिल्यांदा स्वतःहून वाचलेला शब्द 'जाहीर' होता. दुसरा 'पाहिजे'. मिळालंच पाहिजे, झालाच पाहिजे. कितीतरी दिवस मला वाटायचं, छापलेलं प्रत्येक वाक्य 'पाहिजे'नंच संपतं.

माझ्या भावाच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आम्हाला ते उशिरा कळलं. पोर हसरी होती, आणि मागं भांडं पडलं तर जमिनीच्या हादऱ्यानं वळून बघायची. कळल्यावर पुण्याला ऑपरेशन झालं. कानामागं एक मशीन बसलं, आणि त्याच्या वायरीच्या टोकाला डोक्याला चिकटणारी एक गोल चकती. आता पोरगी बोलायला लागणार, असं सगळ्या वस्तीनं धरून ठेवलं होतं.

शेजारचे तात्या रोज कुंपणावरून विचारायचे, "काय गं, लागला का रेडिओ पोरीचा?"

"लागला की तात्या," वहिनी म्हणायची. "पण स्टेशन धरायला शिकवावं लागतं."

ते शिकवायला ती दर आठवड्याला लेकीला घेऊन बारामतीला जायची. तिथं बोलायला शिकवणाऱ्या एक ताई होत्या. मशीननं आवाज आत जातो, पण कुठला आवाज कशाचा हे डोक्याला एकेक करून सांगावं लागतं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. घरच्यांसाठी त्यांचा एक नियम होता: हातवारे बंद. पोरीला आधी तोंडानं सांगायचं आणि मग वस्तू दाखवायची. खुणेवर भागतंय म्हटल्यावर ती शब्दाच्या वाटेला जाणार नाही. "आणि खंड पडू देऊ नका," त्या म्हणाल्या होत्या. "या वयात जे येतं ते नंतर फार कष्टानं येतं."

घरात तेव्हापासून वेगळंच राज्य सुरू झालं. आईला सगळ्यात जड गेलं, कारण लग्न झाल्यापासून ती आबांशी डोळ्यांनीच बोलत आली होती. आबांना मात्र काम मिळालं. त्यांचा आवाज सभेचा. सभा कमी झाल्यापासून तो घरात मावत नव्हता. आता ते नातीसमोर मांडी घालून बसायचे आणि एकेक शब्द सुटा करून म्हणायचे, "हे पाणी. काय पाहिजे? पाणी... पाहिजे!"

'पाहिजे' म्हणताना त्यांची मूठ आपोआप वर जायची. इतक्या वर्षांची सवय.

"आबा, हात खाली!" चुलीपुढून वहिनी ओरडायची. "ताईनं सांगितलंय ना, हातवारे न्हाईत म्हणून!"

"बरं, बरं." मग ते हातावर बसायचे. खरंच, दोन्ही तळहात मांडीखाली घालून. पुन्हा म्हणायचे, "पाणी पाहिजे." आणि पोरगी, जिला हे सगळं फार आवडायचं, ती तोंड मिटून आपली इवलीशी मूठ वर करायची. शब्द आला नव्हता, मूठ आली होती. आबांना याचा झालेला आनंद लपवता यायचा नाही, आणि वहिनीला राग.

हळूहळू सुटे शब्द आले. आई, दे, भू, पानी. 'बस' हा शब्द वाटेवरच आला, म्हणजे 'बश'. पुढची पायरी ताईंनी सांगून ठेवली होती: दोन शब्द जोडून बोलणं. 'आई दे', 'भू गेला', असं काहीही. दोन शब्द जुळायला लागले की पोर स्वतःहून बोलायला लागेल. वहिनी त्या दोन शब्दांची वाट बघत होती. जेवताना, धुणं धुताना, केस विंचरताना तिचं तेच चाललेलं असायचं.

पण बारामतीला पोचायचं कसं? दादा लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला. पाळी असेल तशी मोटरसायकल घेऊन जायचा. सुट्टीच्या दिवशी त्यानं एकदा दोघींना गाडीवर नेलं. वाऱ्यानं पोरीच्या डोक्याची चकती उडाली. उसाच्या कडेला गुडघ्यावर रांगत वहिनीनं ती शोधून काढली आणि त्या दिवसापासून पोरीला मोटरसायकलवर बसवलं नाही. मोठ्या रस्त्यावरून वडापच्या जीपा निघतात, पण माणसं लोंबकळल्याशिवाय त्या हलत नाहीत, आणि आतल्या कलकलाटात पोरगी मशीन उपटून टाकायची. राहिली एसटी. त्यासाठी पोरीला कडेवर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत चालायचं. वहिनी लवकर निघायची, तरी पोरीचं मध्येच काहीतरी निघायचं. मग अर्ध्या वाटेत मागून गाडी यायची आणि दोघींना ओलांडून जायची, त्या जिकडं निघाल्या होत्या त्याच थांब्याकडं. एखादा ड्रायव्हर ओळखीनं थांबायचा. दुसरा खिडकीतून हातानंच सांगायचा, थांबा नाही. त्याचंही खोटं नव्हतं.

उसाचा हंगाम सुरू झाला, रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरला, तसे खेप चुकायचे दिवस वाढले. एकदा बारामतीहून आल्यावर वहिनी चपला न काढता ओट्यावर बसून राहिली.

"भू गेला," ती म्हणाली.

"कुठं गेला?" मी विचारलं.

"शब्द गेला, वन्सं. 'भू' म्हणत हुती न्हवं? ताईनं कुत्र्याचं चित्र दाखवलं तर नुसती बघत बसली. ताई म्हणल्या, खंड पडला की असं हुतं."

मी तेव्हा शिक्षण संपवून घरी आले होते आणि लिहीत होते. त्या संध्याकाळी मी रास्ता रोकोचं पत्रक लिहायला घेतलं. मथळा मोठा होता. वहिनीला वाचून दाखवलं. तिनं पोरीला भरवता भरवता ऐकलं.

"झ्याक लिवलंय," ती म्हणाली. "पर वन्सं, रस्ता अडवला तर पहिली माझीच गाडी अडंल. मला थांबा पायजे."

म्हणून अर्ज लिहायचं ठरलं. दुपारी ओट्यावर तात्या, आबा, मी आणि आजूबाजूच्या दोन-तीन बायका बसलो. सगळा मजकूर जमला, शेवटच्या ओळीवर अडलं. मी 'ही विनंती' लिहिलं होतं.

"खोड ते," आबा म्हणाले. "विनंती कसली? तिकीट काढतो आपण. मागणी लिही."

"आवो आबा, अर्जात विनंतीच असती," तात्या म्हणाले. "सोयरीक जुळवताना बी विनंती विशेष म्हणतो आपण. तितं मागणी म्हणून बघा, उठून जातील."

"तितं बी मागणीच घालत्यात, तात्या," वहिनी म्हणाली, आणि बायका हसल्या. शेवटी आबांचंच खरं झालं, मी 'मागणी' लिहिलं. वस्तीवरच्या सगळ्यांनी सह्या केल्या, ग्रामसभेत ठराव झाला, आणि मी, वहिनी, पोरगी असे बारामतीच्या एसटी आगारात गेलो.

टेबलामागच्या साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला. "मार्गावरच आहे म्हणताय, तर हरकत नाही," ते म्हणाले. "पूर्ण थांबा मिळणार नाही, पण विनंती थांबा देता येईल."

"आम्ही मागणी केली आहे," मी म्हणाले. "अर्जात विनंती हा शब्द नाहीच."

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. "ताई, तो थांब्याचा प्रकार आहे. प्रवाशानं हात केला तर गाडी थांबते, त्याला विनंती थांबा म्हणतात. मागणी थांबा असा काही प्रकार नाही."

"पण हक्काच्या गोष्टीला..."

वहिनीनं माझा दंड धरला. "सायेब, विनंती तर विनंती. हात करायचा न्हवं? करते की."

घरी आल्यावर आबांना सांगितलं. त्यांनी तो शब्द एकदा तोंडात घोळवला, काढ्याचा घोट घ्यावा तसा. मग म्हणाले, "थांबतीया ना? मग असू दे."

काही दिवसांनी दादा पाळीवरून येताना रस्त्यावरूनच ओरडत आला, "पाटी लागली! मोठ्या रस्त्याला लावलीया!"

"मोठ्या रस्त्याला?" वहिनी म्हणाली.

आम्ही सगळे बघायला गेलो. चहाच्या टपरीशेजारी, जिथं गाडी आधीपासून थांबतच होती, तिथं नवी कोरी पाटी उभी होती. वर 'विनंती थांबा' आणि खाली 'फाटा'.

चूक कुठं झाली हे कळायला थोडा वेळ लागला. आमच्या वस्तीचं नाव फाट्यावरची वस्ती. मोठ्या कालव्यातून रानात पाणी नेणारा जो छोटा कालवा फुटतो त्याला आमच्याकडं फाटा म्हणतात. फाट्याला पाणी आलं, फाट्यावर धुणं न्यायचं, फाट्याच्या पुलावर बसायचं, असं आम्ही जन्मापासून बोलतो. अर्जात मी लिहिलं होतं, 'आमच्या गावाच्या फाट्यावर थांबा मिळावा'. पण बाकी जगात फाटा म्हणजे जिथून रस्ता फुटतो ती जागा. मोठ्या रस्त्याला जिथं आमचा रस्ता मिळतो, तो आमच्या गावाचा फाटा. त्यांनी अर्ज नीट वाचून बरोबर तिथं पाटी लावली होती. वस्तीवरच्या सगळ्यांनी अर्ज ऐकला होता, ग्रामसभेत मोठ्यानं वाचला गेला होता, आणि कुणालाही काही खटकलं नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं पाणीच होतं.

टपरीवाला हसून लोळायचा बाकी होता. "आवो, हितं गाडी बिनविनंतीची थांबती! आता हात केला तर काय मुक्काम करंल का?"

"पाटीला च्या पाज," तात्या म्हणाले. "लय लांबनं आलीया."

मी चिडले होते. घरी जाऊन 'जाहीर निषेध' लिहायला बसले. आबांनी कागद हातात घेतला, वाचला आणि विचारलं, "निषेध कुणाचा करायचा? शब्द तर आपला हाय." मग त्यांना हसू आलं, इतकं की ठसका लागला. मलाही आलं.

वहिनी हसली नाही. पोरीची चकती तिच्या हातात होती. आंघोळ घालायची म्हणून काढलेली. ती फडक्यानं हळूहळू पुसत होती.

"पोरीला कवापासून शिकवतीया, नीट बोल, नीट बोल," ती म्हणाली. "आन आपल्याला एवढ्या जणांना मिळून एक शब्द सांगता आला न्हाय."

आबांचं हसू थांबलं. मी कागद घडी करून ठेवला.

पुढच्या खेपेला वहिनी पुन्हा मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेली आणि बारामतीहून परत येताना एकटीच आगारात शिरली. काय झालं ते तिनं घरी आल्यावर नकलेसकट सांगितलं. तिनं साहेबांना म्हटलं, "सायेब, आमचा फाटा पाण्याचा हाय, रस्त्याचा न्हाय."

साहेब आधी बघतच राहिले. मग हसले. "मी मोरगावच्या बाजूचा," ते म्हणाले. "आमच्याकडं ज्वारी-बाजरीचं रान. पाण्याचा फाटा कुणी बघितलाय? आम्हाला फाटा म्हटलं की रस्ताच दिसणार."

"मग तुमच्याकडं बायकांनी धुणं कुठं न्यायचं?"

"हापशावर," ते म्हणाले, आणि अर्जाच्या कडेला स्वतःच्या हातानं लिहिलं, 'कालव्याच्या पुलाजवळ'. पाटी हलवायला माणूस पाठवायचा तर वेळ लागेल, तुम्ही हलवणार असाल तर तसं पत्र देतो, असंही म्हणाले. वहिनी पत्र घेऊनच उठली.

तात्यांनी ट्रॅक्टर काढला. मागं ट्रॉलीत पहार, फावडं, सिमेंटचं अर्धं पोतं आणि आम्ही बायका. टपरीवाल्यानं पाटी उपटायला मदत केली आणि निरोपाचा चहाही दिला. ट्रॉलीत पाटी आडवी ठेवून आम्ही येत होतो तेव्हा वाटेतल्या वस्त्यांवरची माणसं थांबून विचारत होती, "काय इलेक्शन हाय का?" तात्या वर बघून म्हणायचे, "विनंती नेतुया घरी." कालव्याच्या पुलाशेजारी खड्डा खणला. आबांनी पाटी सरळ आहे का ते लांब उभं राहून एक डोळा मिटून बघितलं, जसं पूर्वी मोर्चाचा फलक बघायचे तसं. पोरगी ओल्या सिमेंटमध्ये बोट घालायला धडपडत होती. वहिनीनं तिला उचललं आणि पाटी दाखवली. "थांबा. बस थांबनार. हितं बस."

"बश," पोरगी म्हणाली. एवढंच.

दुसऱ्याच दिवशी ताईंकडं जायचं होतं. मीही बरोबर निघाले. घरातून पुलापर्यंत जायला पायात चपला सरकवाव्यात एवढाच वेळ लागतो. आबा आले, आई आली. बाजारला जायचं काही कारण नसताना तात्याही पिशवी घेऊन आले. मळ्याकडच्या दोन बायका काकडीच्या गोण्या घेऊन आधीच उभ्या होत्या. थांबा झाला म्हटल्यावर वडापला कोण जातंय. मी मनातल्या मनात गावठाणातली चार माणसं आणि आम्ही, असं भारमान मोजत होते.

उसाच्या शेंड्यांवर गाडीचा लाल टप दिसला. वहिनीच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या कडेवर पोरगी. पिशवी माझ्याकडं देऊन तिनं हात केला. बायकांनी केला. तात्यांनी पिशवीसकट केला. गाडी वेगात होती. मी आबांकडं बघितलं, त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले होते. गाडी पाटीजवळ आली, पाटी ओलांडून थोडी पुढं गेली. ड्रायव्हरला नवा थांबा माहीत नसावा. वहिनीचा हात वरच राहिला.

तेव्हा तिच्या कडेवरून, कानापाशी, पोरगी ओरडली. गाडीच्या आवाजाच्या वर.

"बश! पायजे!"

इवलीशी मूठ वर होती.

ब्रेक लागले. पुढं जाऊन गाडी थांबली. दारात कंडक्टर बाई आल्या, खांद्याला पट्ट्याची पिशवी, तोंडात पान. "कोण ते पायजे म्हणतंय?" त्यांनी विचारलं. "पायजे तर चढ की बाय, रडतीस कशाला?"

रडत होती ती वहिनी. पोरगी खिडकीकडं बोट दाखवून तिथंच बसायचं म्हणून ओढत होती. मी गोण्या आत घ्यायला मदत केली आणि कुणाकडं बघितलं नाही, कारण माझंही काही ठीक नव्हतं.

बारामतीत ताईंच्या खोलीत पोरगी एक शब्द बोलली नाही. बसचं चित्र दाखवलं, खेळण्यातली बस फिरवली, पाणी लपवलं. ती गालात हवा भरून बसून राहिली. वहिनी रडकुंडीला आली.

"बोललीया वो ताई. दोन शब्द. खरंच बोललीया. वन्संना इचारा."

"घरची माणसं सगळीच सांगतात," ताई हसून म्हणाल्या. "मला खोटं वाटत नाही. पण मला ऐकायचंय."

येताना तीच गाडी, त्याच कंडक्टर बाई. अर्धं तिकीट फाडता फाडता त्यांनी पोरीचा गाल ओढला. "काय गं पायजेबाई, झाली का शाळा?"

वहिनी एकदम ताठ झाली. "तुमी ऐकलं हुतं ना सकाळी? दोन शब्द म्हणली हुती ना?"

"ऐकलं म्हंजे?" बाई म्हणाल्या. "ड्रायव्हरनं ऐकलं, म्हणून तर थांबला. त्याला वाटलं, चाकाखाली काय गावलं का काय."

तेवढी साक्ष वहिनीला पुरली. गाडी पुलाजवळ थांबली, आम्ही उतरलो, आणि ती इतक्या भराभर घराकडं निघाली की मी पिशवी घेऊन मागं राहिले.

आबा ओट्यावर वाट बघत होते. ताई काय म्हणाल्या हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "सकाळी म्हणली तवा मूठ वर हुती का? मला मागनं नीट दिसलं न्हाय."

"हुती," वहिनी म्हणाली. एरवी तिनं हातवाऱ्यांवरून त्यांना बोल लावला असता.

"मग ती विनंती न्हवती," आबा म्हणाले, आणि पुलाकडच्या पाटीकडं बघायला लागले, तिच्यावरचा एक शब्द बदलायचा राहून गेल्यासारखं.

वहिनीनं पोरीला त्यांच्या मांडीत दिलं. "नसू दे, आबा," ती म्हणाली. "गाडी थांबली न्हवं."